मोटारीचा ब्रेक का ओरडतो?
(घाट उतरण्यापूर्वीचा एक धडा)



उसाचं बिल हाती आल्यावर घरात ज्या वस्तू येतात, त्यांत चारचाकी गाडी आता नवलाची राहिलेली नाही. जुनी जीप असो, दुसऱ्याकडून घेतलेली छोटी मोटार असो की नवी कोरी गाडी असो, ती शेतावर जाते, कारखान्यावर येते आणि वर्षातून दोन-चार वेळा तरी घाट उतरून खाली पनवेलला जाते. कुणाची मुलं पनवेल-खारघरला नोकरीला आहेत. कुणी वाशीच्या बाजार समितीत माल घेऊन जातं. कुणी महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर करून येतं, तर कुणी पनवेलहून गोव्याचा रस्ता धरून कोकणात उतरतं. आपल्याकडच्या सपाट रस्त्यावर ब्रेकची खरी परीक्षा होत नाही. ती घाटात होते.

म्हणून या अंकातील धडा ब्रेकच्या आवाजाचा. यात सांगायची गोष्ट एकच आहे. आवाज म्हणजे ब्रेकनं आपल्याला धाडलेला निरोप असतो. तो वाचायच्या आधी ग्रीस थापून त्याचं तोंड बंद करू नये. वंगण हे ब्रेकला लागतंच, परंतु ते कुठं लावायचं आणि कुठं मुळीच लावायचं नाही हे कळलं पाहिजे.

१. उतार किती आणि उष्णता किती

पनवेल हे पूर्वीपासूनचं घाटाखालचं बंदर आणि बाजारपेठ. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८६३ साली घाटातून रेल्वे सुरू झाली. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला, त्याचं एक टोक पनवेलजवळ कळंबोलीला आहे. रस्ते बदलत गेले, पण डोंगर तेवढाच राहिला. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत येताना आपण सुमारे ५०० मीटर खाली उतरतो.

आता हिशेब करू. माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १,४०० किलो धरा. एवढं वजन ५०० मीटर खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, ती सगळी उष्णतेत बदलली तर वीस-बावीस लिटर पाणी उकळीला येईल. म्हणजे आंघोळीच्या मोठ्या बंबातलं पाणी! यातला काही भाग वारा आणि इंजिन खातं. उरलेली सगळी उष्णता चार चाकांच्या ब्रेकनं पचवायची असते. ब्रेक करतो काय, तर गाडीचा वेग घासून त्याची उष्णता करतो आणि ती हवेत सोडून देतो.

रेल्वेनं हे ओळखलेलं आहे. बोरघाटात ३७ फुटांना एक फूट असा उतार आहे. तिथं उतरणाऱ्या गाड्या ठरलेल्या जागी थांबवून मगच पुढं सोडतात. एखादी गाडी आवरलीच नाही तर तिला वळवून चढावर नेणारे वेगळे रूळ टाकलेले आहेत. आपल्या मोटारीला असे रूळ नाहीत. २६ जुलै २०२५ रोजी द्रुतगती मार्गावर खोपोलीजवळ मुंबईकडे उतरणाऱ्या एका कंटेनर ट्रेलरचे ब्रेक निकामी झाले आणि त्यानं वीसच्या आसपास वाहनांना धडक दिली. त्यात एका महिलेचा जीव गेला. अवजड वाहनाचे ब्रेक हवेवर चालतात, मोटारीचे वेगळे. परंतु उताराचा नियम दोघांनाही सारखाच आहे.

२. आवाज होतो कसा

बहुतेक मोटारींना पुढं डिस्क ब्रेक आणि मागं ड्रम ब्रेक असतात. जुन्या अॅम्बॅसडर आणि पद्मिनी गाड्यांना चारही चाकांना ड्रमच असत. डिस्कमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी थाळीला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटा घेतात. हा चिमटा धरणाऱ्या भागाला कॅलिपर म्हणतात. ड्रममध्ये फिरणाऱ्या डब्याच्या आतून दोन शू बाहेरच्या अंगाला दाबले जातात, आणि शूवर लायनर बसवलेला असतो.

घासलं की कंप आलाच. सनईची पत्ती कंप पावून वाजते, त्याच जातीचा प्रकार ब्रेकमध्ये होतो. पॅड आपल्या जागेत घट्ट पण मोकळा सरकणारा असेल तर कंप बारीक राहतो, कानावर येत नाही. पॅड ढिला झाला, गंजून अडकला, किंवा त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला की तोच कंप मोठा होऊन ऐकू येतो. म्हणून प्रत्येक आवाज म्हणजे धोका असं नाही, आणि प्रत्येक आवाज किरकोळ असंही नाही.

३. निरोप वाचण्याची रीत

मोकळ्या रस्त्यावर किंवा कारखान्याच्या यार्डात काचा खाली करून, रेडिओ बंद करून गाडी सावकाश चालवावी. बरोबर एका माणसाला घ्यावं. तीन प्रश्न विचारावेत. आवाज ब्रेक दाबल्यावर येतो की न दाबताही येतो? कोणत्या चाकाकडून येतो? वेगाबरोबर तो वाढतो का? यानंतर खालील यादी पाहावी.

(अ) सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर, मग शांत. हा डिस्कवरचा रात्रीचा गंज. पनवेलची हवा खाडीकाठची, दमट आणि खारट. श्रावणात तिथं तीन-चार दिवस मुक्काम झाला तर डिस्कवर तांबूस थर हमखास येतो. तो घासून गेला की आवाज थांबतो. काळजीचं कारण नाही.

(आ) चालत्या गाडीत बारीक, तीक्ष्ण ‘चीं’ आवाज, जो ब्रेक दाबल्यावर थांबतो किंवा बदलतो. पुष्कळ पॅडना पोलादाची एक लहान पट्टी मुद्दाम बसवलेली असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटर उरला की ही पट्टी डिस्कला टेकते आणि ओरडते. कारखान्याचा भोंगा जसा वेळ झाल्याचं सांगतो, तशी ही पट्टी पॅड बदलायची वेळ झाल्याचं सांगते. हा आवाज वंगणानं घालवायचा नसतो, पॅड बदलायचे असतात.

(इ) हलका ब्रेक दाबल्यावर, सावकाश वेगात, गाडी थांबता थांबता ‘किर्र’. पॅड जाड आहेत आणि तरीही ओरडतात, तेव्हा बहुधा टेकायच्या जागा कोरड्या पडलेल्या असतात, पॅडच्या पाठीमागची पातळ पत्र्याची चकती हरवलेली असते, किंवा घाटात तापून पॅडचा तोंडवळा चकचकीत झालेला असतो. खऱ्या अर्थानं वंगणाचं काम इथंच आहे.

(ई) ब्रेक दाबल्यावर ‘खर्रर्र’, लोखंडावर लोखंड. पॅड किंवा लायनर संपला. गाडी तिथंच उभी करावी. घाट उतरणं तर सोडाच, घरापर्यंतही न्यायची नाही, मिस्त्रीला बोलवावं किंवा गाडी ओढून न्यावी. आज पॅडचा खर्च वाचवला तर उद्या डिस्कचा खर्च येतो, आणि तोही नशीब चांगलं असेल तर.

(उ) पुढं-मागं करताना पहिल्या ब्रेकला एकदाच ‘ठक’. पॅड आपल्या खाचेत सैल आहे, त्याच्या स्प्रिंगा गेल्या आहेत. कधी हा आवाज चाकाच्या वरच्या बुशांमधूनही येतो, म्हणून दोन्ही तपासून घ्यावं.

(ऊ) चाकाच्या फेऱ्याबरोबर ‘घुर्र... घुर्र...’ आणि पायाखाली पॅडल थरथरतं. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही किंवा ड्रमचा गोल बिघडला आहे. हे लेथवर पाहण्याचं काम आहे. ग्रीसनं गोल सरळ होत नाही.

(ए) न दाबताही सतत घासल्याचा आवाज, चाक गरम आणि जळका वास. ब्रेक सुटत नाही. कॅलिपरची पिन अडकली आहे, किंवा हँडब्रेकची केबल गंजली आहे. गाडी थांबवून प्रत्येक चाकाजवळ तळहात धरून पाहावा, लोखंडाला हात लावू नये. एकच चाक जास्त धग देत असेल तर दोष तिथंच. पण अचानक कर्कश खरवड सुरू झाली आणि चाक गार असेल, तर डिस्क व तिच्यामागचा पत्रा यांत खडा अडकलेला असू शकतो.

४. चाक काढून काय पाहावं

गाडी सपाट, टणक जागी उभी करावी. उरलेल्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली हात किंवा डोकं घालू नये, खाली पक्का स्टँड द्यावा. व्हील नट गाडी उचलण्याआधीच थोडे सैल करून ठेवावेत.

नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. लोखंडी पाठ सोडून ३ मिलिमीटर उरला की बदलावा. ड्रमच्या लायनरला रिव्हेट असतील तर रिव्हेटचं डोकं एक मिलिमीटरवर आलं की लायनर संपला असं समजावं. आतला आणि बाहेरचा पॅड सारखे झिजलेत का ते पाहावं. एक जाड आणि एक पातळ असेल तर पिन अडकते आहे. डिस्कच्या कडेवर कमीत कमी जाडी आणि ड्रमच्या आत जास्तीत जास्त व्यास ठोकलेला असतो, तो आकडा वाचावा.

ड्रम उघडल्यावर आतली काळी धूळ तोंडानं किंवा हवेच्या नळीनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस वापरत असत, आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. ओल्या फडक्यानं पुसून फडकं टाकून द्यावं. कॅलिपर सोडवला तर तो रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेनं वर बांधावा.

५. वंगण कुठं, किती आणि कोणतं

आता मुख्य मुद्दा. आपल्या कारखान्यातल्या मिलकडे पाहा. रोलरच्या बेअरिंगला तेल सतत लागतं, ते थांबलं तर बेअरिंग जळेल. पण रोलरच्या अंगावर कुणी तेल ओतत नाही. उलट वेल्डिंगचे थेंब टाकून ते अंग मुद्दाम खरबरीत केलेलं असतं, कारण रोलर बुळबुळीत झाला तर तो ऊस धरणार नाही. बैलगाडीच्या आखाला आपण वंगण घालतो, चाकाच्या धावेला घालत नाही, तसंच हे. ब्रेकमध्येही जे सरकायचं आहे त्याला वंगण द्यावं, आणि जे पकडायचं आहे ते कोरडं ठेवावं. सगळा धडा या एका वाक्यात आला.

वंगण लावायच्या जागा अशा :

डिस्क ब्रेकमध्ये : (१) कॅलिपर ज्यावर सरकतो त्या दोन पिना, त्यांच्या रबरी टोप्यांच्या आत. (२) पॅडचे कान ज्या खाचेत बसतात ती खाच, आधी तारेच्या ब्रशनं गंज काढून. (३) पॅडच्या लोखंडी पाठीवर, जिथं पिस्टन आणि कॅलिपरची बोटं टेकतात तिथं. समोरच्या तोंडाला नाही.

ड्रम ब्रेकमध्ये : (१) मागच्या पत्र्यावर शूची कड जिथं घासते ते उंचवटे, बहुधा प्रत्येक शूला तीन. (२) शूची टोकं जिथं टेकतात त्या जागा. (३) शू जवळ-दूर करणाऱ्या ॲडजस्टरचे आटे. (४) हँडब्रेकच्या दांडीचा सांधा.

किती लावायचं? एका जागेला मसुराच्या डाळीएवढं पुरे. पुसट थर हवा. जास्त झालं की ते तापून पातळ होतं, फिरणाऱ्या चाकाबरोबर उडतं आणि नेमकं लायनरवर जाऊन बसतं.

कोणतं वापरायचं? खास ब्रेकसाठी मिळणारं, उष्णता सोसणारं. पिना आणि रबराजवळ सिलिकोनचं, रबराला चालतं असं डब्यावर लिहिलेलं. लोखंडाला लोखंड टेकतं तिथं सिरॅमिक किंवा मॉलिब्डेनमचं. ट्रॅक्टरच्या निपलला मारायचं नेहमीचं ग्रीस इथं चालत नाही. ते उष्णतेनं वितळतं आणि ब्रेकचं रबर फुगवतं. रबर फुगलं की पिन अडकते, म्हणजे आवाज बंद करायला गेलो आणि ब्रेक जाम करून आलो!

६. हे कधीही करू नये

काही ठिकाणी ब्रेक ओरडला की लायनरवर तेलाचा हात फिरवतात, ड्रमच्या फटीतून डिझेल सोडतात. आवाज तात्काळ थांबतो आणि मालक खूश होतो. पण आवाजाबरोबर पकडही गेलेली असते. गावात हळू चालताना ते कळत नाही, खंडाळ्याच्या वळणावर कळतं. एकाच बाजूला तेल लागलं असेल तर जोरात ब्रेक दाबताच गाडी कोरड्या बाजूकडे ओढली जाते.

लायनर सच्छिद्र असतो, तेल आत मुरतं. रॉकेलनं धुऊन, पेटवून, वाळूकागदानं घासून ते पुरतं निघत नाही. तेल लागलेला पॅड किंवा लायनर बदलायचा, आणि तोही एका बाजूचा नव्हे, पुढची किंवा मागची पूर्ण जोडी. डिस्कला चुकून बोट लागलं तर मात्र ब्रेक क्लीनरनं स्वच्छ पुसलं की भागतं. लायनर आपोआप तेलकट होत असेल तर व्हील सिलिंडर किंवा आसाचं सील गळतंय, ते आधी पाहावं.

दुसरी चूक नावामुळं होते. आपण सारे ‘ब्रेक ऑईल’ म्हणतो, पण ते आपल्या ओळखीचं तेल नव्हे. त्याच्या टाकीत इंजिन ऑईल घातलं तर आतली सगळी रबरं फुगून ब्रेक निकामी होतात. टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असं लिहिलेलं असतं, तेच घालावं. हे द्रव हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा शिरल्यावर हा आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. घाटात ते उकळलं की वाफ होते आणि पॅडल मऊ पडून खाली जातं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावं. ही बिघाडाची जात कसलाही आवाज करत नाही, हे विशेष ध्यानात ठेवावं.

७. काम झाल्यावर आणि घाटात

चाक बसवून नट समोरासमोरचे असे आलटून-पालटून आवळावेत. मग गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पॅडल पाच-सहा वेळा दाबावं. पिस्टन मागं सारलेला असतो, त्यामुळं पहिले दोन-तीन दाब पोकळ जातात. हे विसरून गाडी सुरू केली तर ती समोरच्या भिंतीलाच थांबते. नवे पॅड घातल्यावर मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा वेळा बेताचा ब्रेक लावून, मध्ये थोडं अंतर सोडून, ते बसवून घ्यावेत. नवे पॅड घालून त्याच दिवशी घाट उतरू नये.

घाटात उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये राहावं. पाय ब्रेकवर ठेवून बसू नये. दाबावं, वेग कमी करावा, सोडावं. तेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करणं किंवा इंजिन बंद करणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. इंजिनाचा अडसर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंद असेल तर ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांत संपून पॅडल दगडासारखं होतं. पॅडल मऊ लागलं तर ते भराभर पंप करावं, खालचा गिअर घ्यावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा आणि डोंगराच्या बाजूला गाडी घ्यावी.

पनवेलला पावसात मुक्काम असेल तर सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावावा आणि हँडब्रेक सोडून द्यावा. ओला शू ड्रमला गंजून चिकटण्याची तक्रार त्यामुळं टळते.

उजळणी

प्रश्न : ब्रेक सकाळी खरखरतो, मग थांबतो. काय करावं?
उत्तर : काही नाही. गंज आहे, घासून जातो.

प्रश्न : चालत्या गाडीत ‘चीं’ आवाज आहे. ग्रीस लावू का?
उत्तर : नाही. पॅड मोजा, बहुधा बदलायचे असतील.

प्रश्न : मिस्त्रीनं लायनरवर ऑईल लावून आवाज बंद केला. चालेल का?
उत्तर : नाही. ती जोडी बदलून घ्या, तोवर घाट उतरू नका.

प्रश्न : पॅड जाड आहेत, डिस्क सरळ आहे, तरी किर्र वाजतं?
उत्तर : पिना, खाचा आणि पॅडची पाठ साफ करून पुसट वंगण द्या. पॅडची पाठचकती आहे का पाहा.

गळीत हंगाम संपला की आपण ट्रॅक्टरचं, मोटारपंपाचं काम काढतोच. त्याच आठवड्यात गाडीची चारही चाकं उघडून एकदा पाहावीत, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा. ज्यांना स्वतः करायचं नाही त्यांनी मिस्त्रीजवळ उभं राहून तो वंगण कुठं लावतो एवढं तरी पाहावं. सरकायच्या जागी लावत असेल तर बोलू नये. पकडायच्या जागी लावू लागला तर त्याचा हात धरावा. गाडीत मागं आपलीच लेकरं बसलेली असतात.